अण्णांनी गाळलेलं तेल

तमाम लोकांस जाहीर कळविण्यात येते की, मोटारीच्या गिअरबॉक्सचं तेल पिण्याच्या पाण्यासारखं दुहेरी फडक्यातून गाळून घेणारा पहिला, आणि माझ्या माहितीप्रमाणे शेवटचा, माणूस निपाणी मुक्कामी होऊन गेला. या घटनेची नोंद कोणत्याही सरकारी दप्तरात नाही, गॅझेटात नाही, शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात तर नाहीच. मी त्या प्रसंगाचा साक्षीदार आहे, मदतनीस आहे आणि थोडासा आरोपीही आहे. तेव्हा हे जड कर्तव्य माझ्याच माथी आलं आहे. वाचकांनी टोप्या सरळ कराव्यात आणि शिंका आवरून धराव्यात. शिंकांचं कारण पुढे कळेल.

पुढे म्हणजे लगेचच. या माणसाचं घर म्हणजे तंबाखूच्या व्यापाऱ्याचं घर. मागच्या अंगणापलीकडे वखार होती आणि वारा फिरला की सगळं घर शिंकायचं. मी बेळगावहून निपाणीच्या शाळेत इंग्रजी शिकवायला गेलो आणि या घरातल्या पुढच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, तेव्हा उंबऱ्यातच मला सलग अकरा शिंका आल्या. घरमालक समोर उभे राहून शांतपणे ऐकत होते. अकरावी झाल्यावर म्हणाले, "हं. माल कडक हाय यंदा." माझं नाव त्यांनी नंतर विचारलं.

सगळं गाव त्यांना अण्णा म्हणायचं, मीही म्हणू लागलो. अंगानं दांडगे, पण चालायचे असे की जमिनीला कळू नये. जैन माणूस. पाणी गाळून प्यायचं, जेवण सूर्य मावळायच्या आत, आणि मुंगी दिसली की वळसा घालून जायचं. भल्यामोठ्या देहाचा हा गृहस्थ अंगणात मुंग्यांची रांग ओलांडताना धोतराचा सोगा उचलून असा काही पाय टाकायचा की एखादी नर्तकी लाजावी. तंबाखूचं पान बोटांत चुरून त्याचा गाव सांगायचे, पण आयुष्यात तंबाखू तोंडात घातली नव्हती. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "मास्तर, दातांचा डाक्टर काय सवताचं दात काढत बसतो व्हय?"

अशा माणसाकडे मोटार होती.

एक गोरा साहेब विलायतेला परत जाताना ती विकून गेला होता. कापडी छताची, पितळी दिव्यांची, हिरव्या रंगाची. तिच्याबरोबर दोन गोष्टी आल्या: एक हत्यारांची गुंडाळी आणि एक शंभरेक पानांचं इंग्रजी पुस्तक. हत्यारं अण्णांना कळली. पुस्तक कळेना. आणि पुढच्या दोन खोल्यांत तर इंग्रजीचा मास्तर राहायला आला होता. माझी तिथे भाडेकरू म्हणून नेमणूक झाली असा माझा समज होता. प्रत्यक्षात मी पुराणिक म्हणून नेमला गेलो होतो.

अण्णांनी त्या पुस्तकाला लाल कापड शिवून घेतलं होतं. ते पोथी ठेवायच्या लाकडी चौकटीवर ठेवायचं, पाट मांडायचा, मी हातपाय धुऊन बसायचं आणि पहिल्या पानापासून वाचायचं. एक वाक्य इंग्रजीत, मग त्याचा मराठी अर्थ. काम असो चाकाचं की दिव्याचं, सुरुवात कारखान्याच्या प्रस्तावनेपासून. मी म्हणालो, "अण्णा, आपल्याला फक्त एकोणसाठावं पान हवंय."

"पोथी मधनंच उघडत्यात व्हय, मास्तर?"

"ही पोथी नाही हो."

"हिच्यात माझ्या जिवाचं हाय का न्हाय? मग पोथीच की. वाचा."

मग गाडीखालून फक्त आवाज यायचा. मी एक वाक्य वाचायचो आणि खालून "व्हय, म्होरं" असा हुंकार यायचा. रस्त्यानं जाणारे लोक थांबायचे, दोन बायकांनी तर एकदा पोथीपुढे तांदूळ वाहिले.

आता माझा गुन्हा सांगतो. पहिल्या वर्षी गिअरबॉक्सचं तेल बदलायचं ठरलं. हे तेल वर्षातून एकदा तरी बदलावं असं पुस्तकात होतं. आतली दातेरी चाकं त्याच तेलात बुडून फिरतात, त्यांचा कीस त्यात उतरतो, तेल काळं पडतं. पेटीला दोन बुचं. तळाचं तेल सोडायचं, ते गाडीखाली झोपून काढायचं. वरचं भरायचं, ते पुढच्या बैठकीसमोरची पायफळी उचलली की दिसायचं. पुस्तकात क्रम सरळ होता: खालचं बूच काढा, तेल सोडा, बूच लावा, वरचं काढा, नवं भरा. मी तसंच वाचलं. अण्णांनी तसंच केलं. जुनं तेल सगळं निघालं. खालचं बूच बसवलं. आणि वरचं बूच काही केल्या हलेना! साहेबाच्या कोण्या ड्रायव्हरनं ते असं आवळलं होतं, आणि वरून गंज असा चढला होता, की पाना वाकला पण बूच ढिम्म. गाडी रिकाम्या पोटानं नऊ दिवस अंगणात उभी. रोज बुचावर घासलेटची धार, रोज एक जोर, रोज गावातले चार जण बघायला. नवव्या दिवशी ते कुरकुरत निघालं.

अण्णा मला एका शब्दानं बोलले नाहीत. घाम पुसत म्हणाले, "मास्तर, पुस्तक लिवणारा शाणा हाय. पर त्यानं गंज बघितल्याला न्हाय." मग दौत मागवली आणि एकोणसाठाव्या पानाच्या समासात माझ्याकडून मोठ्या अक्षरात लिहून घेतलं: "आधी भरायची वाट, मग सोडायची वाट."

तेव्हापासून हे वाक्य त्या घराचं ब्रीद झालं. भरायचं बूच हातात निघाल्याशिवाय सोडायच्या बुचाला हात लावायचा नाही. आणि हा नियम गाडीपुरता राहिला नाही. वखारीचे दिवाणजी वैतागून म्हणाले, हमाल काढून टाकू, अण्णा म्हणाले, "दुसरा बघितलासा? आधी भरायची वाट." शेजारचे एकजण पडकी भिंत पाडायला निघाले, त्यांना अण्णांनी हात धरून आधी विटा आणायला पाठवलं. आणि मी एकदा हेडमास्तरांशी कडाक्याचं भांडून, राजीनामा लिहून, तो खिशात घालून, छाती पुढे काढून घराबाहेर पडत होतो. अण्णा ओसरीवर तंबाखूचं पान हुंगत बसले होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "दुसरीकडचं पत्र आलंय का मास्तर?" मी म्हणालो, नाही. "मग वरचं बूच अजून घट्ट हाय. चला, आत या." मी आत आलो. आज पेन्शनीकडे डोळे लावून बसलेला हा मनुष्य त्या एका बुचामुळे नोकरीत टिकला आहे.

दुसरं ब्रीद जॅकबद्दल होतं. अण्णांचा जॅकवर काडीचा विश्वास नव्हता. "जॅक म्हंजे पाव्हणा. कवा उठून जाईल नेम न्हाय. पाव्हण्याच्या भरवशावर घर बांधायचं नसतं." म्हणून जॅकनं गाडी उचलायची ती फक्त बाभळीचे चार ठोकळे खाली सरकवण्यापुरती. हे ठोकळे वखारीतल्या जुन्या तुळईचे कापलेले, प्रत्येक चांगला मांडीएवढा. जागा सपाट फरशीची, चाकांना पुढून मागून दगडांची पाचर. मग गाडीला धक्का मारून बघायचा: आधी अण्णा, मग दिवाणजी, मग मी. माझ्या धक्क्यानं गाडी हलणं शक्य नव्हतं, पण नियम म्हणजे नियम. आणि एवढं झाल्यावर शेवटची परीक्षा. अण्णा डोक्यावरची काळी टोपी काढून काठीनं गाडीच्या पोटाखाली सरकवायचे, आणि हात जोडून डोळे मिटून नऊ वेळा णमोकार मंत्र म्हणायचे. टोपी शाबूत राहिली की मग स्वतः आत.

"आधी टोपी, मग डोस्कं," ते म्हणायचे. "टोपी बाजारात मिळती."

आणि मुंग्या? मुंग्यांना आदल्या दिवशीच निमंत्रण जायचं. अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला, आंब्याच्या बुडाशी, अण्णा गुळाचा खडा ठेवायचे. दुसऱ्या दिवशी सगळी मुंगीसेना तिकडे पंगतीला बसलेली असायची. तरीही झोपण्याआधी मऊ कुंच्यानं फरशी झाडायचीच. निघालेलं जुनं तेल गावातले गाडीवान घेऊन जायचे. बैलगाडीच्या आखाला लावायचं वंगण ठेवतात ना, तसे बांबूचे नळे घेऊन ते सकाळपासून फाटकाशी बसलेले असायचे. विहिरीच्या बाजूला त्या तेलाचा थेंब सांडला तर मात्र अण्णांचा आवाज चढायचा. वर्षातून तेवढा एकदाच.

एवढं सगळं सोपस्कारांचं ओझं वाहून अण्णा मोटार का ठेवत होते, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. मलाही पडला होता. उत्तर माजघरात बसलेलं होतं. त्याचं नाव आक्का.

आक्का अण्णांची थोरली बहीण. लहान वयात विधवा होऊन माहेरी आलेली. आई लवकर गेली, तेव्हा अण्णा दोन वर्षांचे; त्यांना आक्कानंच वाढवलं. साठी उलटून गेलेली, हाडकुळी, पांढऱ्या लुगड्यातली ही बाई अण्णांना तम्मा म्हणायची. कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं. साडेपाच फुटांहून उंच आणि अडीच मणांच्या माणसाला कोणी माजघरातून "तम्मा!" अशी हाक मारली की तो पळत जायचा, आणि ते दृश्य बघायला मी माझ्या खोलीचं दार मुद्दाम उघडं ठेवायचो.

निपाणीपासून चार-पाच मैलांवर, तवंदीच्या घाटात, स्तवनिधीचं देवस्थान आहे. आक्का दर महिन्याला तिथे चालत जायची. अण्णा लहान असताना त्यांना कडेवर घेऊन जायची. मग गुडघे गेले. दोन वर्षं दर्शन नाही. बैलगाडीत बसायला ती तयार नव्हती, कारण तिच्या दर्शनासाठी मुक्या जनावरांनी घाट का चढावा? तेव्हा ज्याला बैल लागत नाही असं वाहन अण्णांनी आणलं. मोटार दारात आली त्या दिवशी अण्णांनी ओरडून सांगितलं होतं, "आक्का, बघ! बैल न्हाय, घोडा न्हाय, कुणाला तरास न्हाय!"

आक्कानं दारात येऊन चाकांकडे बघितलं. मग म्हणाली, "आन् ह्याच्याखाली किती जीव जातील, त्ये मोजलंस?"

आणि आत निघून गेली. त्यानंतर दोन वर्षं तिनं त्या गाडीला बोट लावलं नाही. अंगणात जायचं तर गाडीच्या पलीकडून जायची.

अण्णा दर महिन्याला विचारायचे. कधी जेवताना, कधी विहिरीवर. विहिरीवरची एक गोष्ट इथे सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावर उभं आहे. पाणी शेंदलं की आक्का ते जाड दुहेरी फडक्यातून घागरीत गाळायची. हे सगळीच जैन घरं करतात. पण गाळल्यावर फडक्यावर जे उरतं ते झटकून टाकायचं नसतं. त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. त्यांना जिवाणी म्हणतात. फडकं उलटं धरून, गाळलेल्या पाण्यानं हळूच धुऊन, ते पाणी ज्या विहिरीतलं त्याच विहिरीत परत सोडायचं. या विहिरीचं त्या विहिरीत नाही. आक्का पोहऱ्यातून ते पाणी तळापर्यंत अलगद सोडायची, उंचावरून टाकलं तर जीव दुखावतील म्हणून. मी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसू आलं होतं. दुसऱ्यांदा नाही आलं.

तर तिसऱ्या वर्षी, दिवाळी झाल्यावर, आक्का एकदम विरघळली. कशानं कुणास ठाऊक. गुडघे फार दुखत असतील, किंवा तम्माचं तोंड बघवत नसेल. तिनं अटी घातल्या. गाडी बैलाच्या चालीपेक्षा जोरात न्यायची नाही. ऊन चढल्यावर निघायचं आणि दिवस असताना परतायचं, म्हणजे किडे चिलटं दिव्यावर येणार नाहीत. आणि शेवटची अट:

"ती गाडी काय पिती त्ये मला ठावं न्हाय. पर जे पिती त्ये गाळून दे. न गाळता पिणाऱ्याच्या अंगावर मी बसायची न्हाय."

अण्णांनी ही अट अशा आनंदानं घरभर सांगितली की जणू लाटसाहेबानं किताब दिला. लगेच ठरलं. गिअरबॉक्सचं तेल बदलायची वेळ झालीच होती. ते बदलायचं, नवं तेल गाळून भरायचं, आणि दुसऱ्या दिवशी आक्का स्तवनिधीला.

मुंग्यांना गूळ गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी नाक्यापर्यंत फिरवून आणली, कारण तेल गार असलं की काकवीसारखं चिकटून बसतं, कोमट असलं की सगळं निघतं. मग तासभर थांबलो, हाताला सोसेल इतकं होईपर्यंत. "कोमट पायजे, कढत नगं. त्ये तोंडावर आलं तर म्होरची पोथी कोण वाचणार?" ठोकळे, पाचरी, धक्के, टोपी, णमोकार. मी प्रस्तावनेपासून सुरुवात केली. वरचं बूच निघालं, मगच खालचं. काळं तेल परातीत पडलं.

आणि अण्णांनी तेही गाळलं. जुनं तेल! म्हणाले, "बघू तरी, वर्षभर काय खाल्लंय हिनं." फडक्यावर काळसर चिखल उरला, त्यात बारीक चमचमणारा कीस, आणि मधोमध तांदळाच्या कणीएवढा पोलादाचा एक तुकडा. कुठल्या तरी चाकाच्या दाताचं टोक उडालं होतं. अण्णांनी तो बोटानं फिरवून फिरवून बघितला, जसा जोशी पत्रिका बघतो.

"दात किडलाय मास्तर. पर वेळेवर निघाला. ह्यो आत राह्यला असता तर बाकीचं दात खाल्लं असतं."

फडकं तसंच उघडं गाडीच्या पायरीवर ठेवलं, वाळल्यावर तुकडा डबीत घालायचा म्हणून. खालचं बूच आवळलं. नवं तेल नव्या फडक्यातून गाळून निम्मं भरलं, आणि आतून हाक आली, "तम्मा! दिस चालला खाली!"

सूर्य मावळायच्या आत जेवायचं होतं. काम अर्ध्यावर टाकून अण्णा उठले. वरचं बूच उघडंच होतं. ओली कापडी चिंधी त्यावर झाकली. आम्ही हात धुतले. पानावर बसलो. आक्का वाढून बाहेर गेली. मी खिडकीशी बसलो होतो. मला दिसलं की ती गाडीच्या पायरीपाशी उभी आहे आणि फडक्याकडे वाकून बघते आहे. पुढे अण्णांनी मला आमटी वाढायला सांगितली आणि मी मान वळवली. परत बघितलं तेव्हा आक्का विहिरीवर ते फडकं घासून धूत होती.

जेवून आम्ही बाहेर आलो तर फडकं स्वच्छ होऊन दोरीवर वाळत होतं. दाताच्या कणीचा पत्ता नव्हता. पण अण्णांचं तिकडे लक्षच गेलं नाही. ते त्या फडक्याकडे बघून नुसते उभे राहिले.

"मास्तर," हळूच म्हणाले, "आक्कानं गाडीचं फडकं धुतलं. तिनं हात लावला!"

त्या आनंदात राहिलेलं तेल भरलं, खुणेच्या काडीनं मोजलं, बूच आवळलं, फळी बसवली. आत डोकावून बघायचं कुणाला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशीची ती स्वारी! अर्धं निपाणी रस्त्यावर होतं. अण्णा नवी टोपी घालून स्टिअरिंगच्या चाकावर. शेजारी मी, मांडीवर लाल कापडातली पोथी. मागे आक्का, हातात पूजेचं ताट, बैठकीच्या अगदी कडेला, परक्याच्या घरी बसावं तशी. बैलाच्या चालीची अट अण्णांनी इतकी कसोशीनं पाळली की एक खरी बैलगाडी आमच्यापुढे निघून गेली आणि गाडीवानानं वळून विचारलं, "अण्णा, ढकलू काय?"

सपाट रस्ता होता तोवर सगळं गोड. घाट लागला. चढावर अण्णांनी गिअर खाली घेतला. आणि पायाखालून आवाज आला.

खर्रर्र. कट्. खर्रर्र. कट् कट्.

आवाज कसला, जात्यात खडे भरडल्यासारखा. अण्णांचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही. पोटच्या पोरानं भर सभेत शिवी द्यावी तसा. त्यांनी गाडी थांबवली, ब्रेक ओढला. मी उडी मारून चाकांमागे दगड लावले, एवढं तर मी शिकलो होतो. मागच्या खोक्यात सगळं होतं: नव्या तेलाचा डबा, पाने, परात, बाभळीचे ठोकळेसुद्धा. पलीकडे दहा पावलांवर सपाट जागा होती. अण्णांनी हत्यारांची गुंडाळी उचलली, ती पूर्ण उलगडली, आणि मागे वळून हताश आवाजात म्हणाले, "आक्का, जरा उतर. गाडीत काय तरी—"

आक्का काहीतरी बोलली.

अण्णांनी गुंडाळी परत बांधली. दगड काढायची मला खूण केली, आत बसले आणि गाडी सुरू केली.

मी कुजबुजलो, "अण्णा, तेल सोडून बघायचं ना?"

"नगं."

"अहो, चाकं खलास होतील!"

"होऊ देत. तुम्ही गप बसा."

आणि खर्रर्र कट् करत आम्ही तो सगळा घाट चढलो. आक्काचं दर्शन झालं. तिनं मागं-पुढं जाऊन, गुडघे धरत, चार वर्षांचं साचलेलं सगळं देवाला सांगितलं. परत येताना तोच आवाज, आणखी जाडा. रस्त्यावरची कुत्री पळून जात होती. जो माणूस तेलात धुळीचा कण सहन करायचा नाही, तो दातांवर दात रोवून, आतलं सगळं पोलाद भरडून निघतंय हे ऐकत, बैलाच्या चालीनं, घरापर्यंत आला. एकदाही थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी ठोकळे, टोपी, णमोकार. तेल सोडलं, गाळलं. फडक्यावर चार चमचे पोलादाचा कीस, आणि त्यात ती तांदळाची कणी. मी ओळखली. अण्णांनीही ओळखली. मग मी खिडकीतून काय बघितलं ते सांगितलं: आक्का पायरीपाशी, फडक्यावर वाकलेली. उघडं बूच आम्हीच ठेवलं होतं. जिथलं तिथं सोडायचं, हा नियम तिचा. आधी भरायची वाट, हा नियम आमचा. दोन्ही नियम अगदी बिनचूक पाळले गेले होते.

मला वाटलं आता स्फोट होणार. अण्णांनी कणी उचलली, रिकाम्या तपकिरीच्या डबीत ठेवली आणि म्हणाले, "आक्काला ह्यातलं एक अक्षर सांगायचं न्हाय."

नवी दातेरी चाकं मुंबईहून यायला तीन महिने लागले. ती बसवायला बेळगावहून जो मिस्त्री आला, तो जुनी चाकं हातात घेऊन बघतच राहिला. "अण्णा, ह्यो आवाज मैलभरावर ऐकू गेला असंल. तरी गाडी दामटलीसा? भैरं हाय का काय तुम्ही?"

"व्हय," अण्णा म्हणाले. "त्या दिवशी हुतो."

निपाणीत अजूनही कधी कधी लोक मला विचारतात, इतका जपणारा माणूस त्या दिवशी असा का वागला? आक्का गेली, अण्णा गेले. ती हिरवी गाडी कुठे गेली कुणास ठाऊक. घाटात त्या वेळी हजर असलेला मी एकटाच उरलोय, तेव्हा आज सांगून टाकतो. अण्णांनी हत्यारं उलगडून आक्काला उतरायला सांगितलं, तेव्हा ती उतरली नव्हती. कडेला बसलेली ती बाई उलट पहिल्यांदाच बैठकीवर मागे रेलली होती. तिनं ताट मांडीवर नीट ठेवलं होतं, एक कान पायफळीकडे केला होता, आणि दोन वर्षांत कधी न बघितलेलं हसू तिच्या सगळ्या चेहऱ्यावर पसरलं होतं. आणि ती मोठ्यानं म्हणाली होती:

"ऐक की रं तम्मा, कशी वरडत्यात! काल सोडली ती समदी जिती हाईत!"